सल्वाचं मतदान, अबुधाबीत

दुबईहून येऊन वर्ष होऊन गेलं, तरी कराडात जो भेटतो तो विचारतो, सोनं किती आणलंत बाई? सोनं आणलं नाही. उंटावरही बसले नाही, कारण उंटाचा चेहरा थेट आमच्या जुन्या हेडमास्तरांसारखा, आणि त्यांच्या पाठीवर चढायचा धीर मला झाला नाही. मी तिकडं जाऊन पाहिली ती निवडणूक. तीही दुबईची नव्हे. दुबईत निवडणूक नसतेच. मी पाहिली ट्युनिशियाची. नकाशात आफ्रिकेच्या डोक्यावर, लिबिया आणि अल्जीरियानं दोन्हीकडून दाबून धरलेला एक चिंचोळा देश आहे, तो.

माझी सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. शाळेत या विषयाला कुत्रं विचारत नाही. वीस मार्कांचा विषय, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. पण मास्तरकी केली की निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही, आणि ती मला मनापासून आवडायची. खोपटातल्या शाळेत आदल्या दिवशी पोचायचं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, मतपेटीला सील लावायचं, दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोटाला शाई लावायची. लोकसभेच्या निवडणुकीत, नव्याण्णव साली, मी शेवटची केंद्राध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात निवृत्तही झाले. धाकटी बहीण मंदा फोनवर म्हणाली, अक्का, आता तरी ये. गेले.

अल कुसैस

मंदाचं घर अल कुसैसला, शारजाच्या हद्दीला चिकटून. खाली वर्कशॉप आणि गोदामं, वर चार मजले बिऱ्हाडं. जिन्यात संध्याकाळी फोडणीचे एवढे वास येतात की डोळे मिटून सांगावं, हे केरळ, हे लाहोर, हे आपलं. मंदा जवळच्या एका खाजगी शाळेत ग्रंथपाल. तिचे यजमान विश्वासराव माल पाठवणाऱ्या एका कंपनीत. त्यांची सई आठवीत, ऊद मेथाच्या भारतीय शाळेत जाते. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्याच दिवशी झाला. माझ्या ड्यूटीच्या गोष्टी ऐकून तिनं विचारलं, "मावशी, बट व्हॉट इज अ पोलिंग बूथ?" पोर तिथंच जन्मली. मतदान केंद्र तिनं बघितलेलंच नाही. मी डोक्याला हात लावला.

विश्वासरावांनी मला पहिल्या जेवणालाच बजावलं. ताई, इथं सगळं बोला, राजकारण बोलू नका. मत नाही, मोर्चा नाही, टॅक्स नाही, खलास. मी म्हटलं, अहो, पण एखादी गोष्ट पटली नाही तर? ते म्हणाले, पटवून घ्यायची. बोलता बोलता कळलं की त्यांचा स्वतःचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो. गावाकडं यायचं म्हटलं की साहेबाकडं अर्ज करून मागून घ्यायचा. तेरा वर्षं हा माणूस हसतखेळत तसा राहतोय. मला तर घास गिळेना. मंदा म्हणाली, अक्का, सगळ्यांचे तसेच असतात, तू वरण घे.

समोरच्या दारात सल्वा राहायची. तिशी ओलांडलेली, एकटी, मंदाच्याच शाळेत इंग्रजीची बाई. ट्युनिशियाची. नाकीडोळी नीटस, भराभर बोलणारी, आणि सईला रोज संध्याकाळी इंग्रजीचे धडे देणारी. सईचं ऐकून तीही मला मावशी म्हणायला लागली. माझं कराडी इंग्रजी आणि तिचं फ्रेंच वळणाचं इंग्रजी, दोन्ही लंगडी घोडी, पण एकमेकींना धरून छान चालायची.

एका गुरुवारी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. तिच्या शाळेतले तिच्याच देशाचे दोन मास्तर आले होते, एक गणिताचे, एक फ्रेंचचे. कुसकुस नावाचा पदार्थ केला होता. गव्हाचा जाडसर रवा वाफवून वर भाज्यांचा रस्सा, म्हणजे आपल्या सांज्यानं आमटीशी लग्न लावलं तर काय होईल ते. सोबत हरीसा. ती लाल मिरच्यांच्या ठेच्याची सख्खी मावसबहीण. मी दोनदा मागून घेतली तेव्हा गणिताचे मास्तर खूश झाले. त्यांना मी विचारलं, मंदा म्हणते तुमच्याकडं निवडणूक आहे? ते म्हणाले, हो, आणि निवडणुकीच्या दिवशी मला दर वेळी ताप येतो. सगळे हसले. सल्वा हसली नाही.

मास्तर गेल्यावर मला कारण कळलं. भांडी विसळता विसळता तिनं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ नबील तिकडं तुरुंगात आहे. कॉलेजात होता, सरकारच्या विरोधातली पत्रकं वाटली. मारलं, कोर्टात उभं केलं, आत टाकलं. वर्षं झाली. त्याला वरचेवर नव्या तुरुंगात हलवतात, प्रत्येक वेळी घरापासून लांब. आई एसटीसारख्या गाड्या बदलत दर आठवड्याला डबा घेऊन जाते. कधी भेट देतात, कधी डबा ठेवून घेतात आणि म्हातारीला दारातून परत पाठवतात. आईचं घर, वकील, डबा, सगळं सल्वाच्या पगारावर.

आणि आता सल्वाचाच पासपोर्ट संपत आला होता. नवा मिळावा म्हणून तिनं अबुधाबीच्या त्यांच्या वकिलातीत अर्ज दिला, त्याला महिने झाले. दर वेळी उत्तर, इन्शाल्ला. पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर शाळा नाही, शाळा नाही तर परत ट्युनिशियाला. एकदा परत गेली की राजकीय कैद्याच्या बहिणीला पुन्हा देशाबाहेर पडू देत नाहीत, आणि तिथं कुणी नोकरीही देत नाही. मग डबा कशानं भरायचा?

त्याच आठवड्यात तिला वकिलातीतून फोन आला होता. फार गोड बोलले म्हणे. परदेशातल्या नागरिकांसाठी इथंच मतदान ठेवलंय, बाई, तुम्ही मतदानाला या, त्याच दिवशी पासपोर्टचंही बघू.

मी अडाण्यासारखी म्हणाले, मग जा की. मत गुप्त असतं. आत काय टाकलंस ते कुणाला कळणार? सल्वानं नळ बंद केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, गुप्त तुमच्याकडं असतं."

अबुधाबीचा रस्ता

तिला एकटीला जायचं नव्हतं. मंदाला माहेरच्या माणसाची सोबत म्हणजे काय ते कळतं, ती म्हणाली, अक्का जाईल. विश्वासरावांचा चेहरा पडला, पण बायकोपुढं आणि मेहुणीपुढं काय बोलणार? यल्ला, म्हणजे चला, म्हणाले आणि गाडी काढली. मला खरं सांगायचं तर सोबतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. दुसऱ्या देशाचं मतदान केंद्र बघायला मिळणार होतं. निवृत्त झाले तरी केंद्राध्यक्षाची खोड जात नाही.

निघताना विश्वासरावांनी करामा भागातल्या आपल्या मिठाईवाल्याकडून काजूकतलीचा मोठा डबा घेतला. साठ दिरहम, म्हणजे सातशे रुपये, असा हिशेब मोठ्यानं करून डिकीत ठेवला. त्यांचं तत्त्वज्ञान साधं आहे. कुठलंही ऑफिस असो, गोड खाऊ घालावं, कागद हलतो. सल्वानं विचारलं हे कशाला, तर म्हणाले, आमच्याकडं अशीच पद्धत आहे.

रस्ता सरळसोट. दोन्हीकडं वाळू आणि मधूनमधून सरकारी पाण्यावर वाढवलेली झाडं. अर्ध्या वाटेत गाडीचा एसी बंद पडला. ऑक्टोबर असला तरी तिकडचा ऑक्टोबर म्हणजे आपला मे. काचा खाली केल्या तर वाळू तोंडात, वर केल्या तर घामाच्या धारा. सल्वा मागच्या सीटवर माझ्याशेजारी होती. सांगत होती की यंदा पहिल्यांदाच तीन उमेदवार आहेत. आजवर एकच असायचा. मी म्हटलं, म्हणजे सुधारणा आहे. ती म्हणाली, बाकीचे दोघं सभेत सांगतात की राष्ट्राध्यक्ष फार चांगले आहेत. मला हसू फुटलं. आमच्या गावच्या सोसायटीत संचालक मंडळ बिनविरोध निवडून आलं की पेढे वाटतात, पण विरोधकाकडूनच स्तुती करून घ्यायची अक्कल आमच्या चेअरमनला सुचली नव्हती.

मग मी तिला सरळ विचारलं, काय करणार आहेस? ती म्हणाली, मागच्या भेटीत आईनं नबीलला विनवलं होतं, राष्ट्राध्यक्षांच्या नावे माफीनामा लिहून दे, सोडतील. तो म्हणाला, त्या माणसाचं नाव माझ्या हातानं लिहिणार नाही. "आणि मी आज त्याच माणसाचं नाव मताच्या पाकिटात घालायला चालले आहे." एवढं बोलून तिनं ओढणीनं घाम पुसला. विश्वासरावांनी रेडिओ लावला.

वकिलात

विश्वासराव फाटकाबाहेर गाडीतच थांबले, इंजिन चालू ठेवून. परदेशी बाईला आत सोडतील असं मला वाटलं नव्हतं, पण उलटंच झालं. एक सूटबूटवाला, तुळतुळीत दाढी केलेला अधिकारी पुढं आला. सल्वानं, या माझ्या भारतातल्या शिक्षिका मावशी, असं सांगितल्यावर त्याला आनंदच झाला. जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीतून आलात, आमची पण बघा, असं इंग्रजीत म्हणाला आणि मला खुर्ची, पुदिन्याचा चहा, खजूर दिले. काजूकतलीचा डबा मी पुढं केला तसा दोन पावलं मागं सरला. मतदानाच्या दिवशी आम्ही काही घेत नाही, कायदा म्हणजे कायदा, मॅडम. मी डबा मांडीवर घेऊन बसले.

हॉल सजवलेला होता. झेंडे, गाणी, लहान मुलींना देशी पोशाख घातलेले. समोरच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो, छातीवर हात ठेवलेला, भिंतभर. बाकीच्या दोन उमेदवारांचे फोटो मी शोधले. दारामागं सापडले, वहीच्या पानाएवढे.

मग मी कामाची जागा बघितली. टेबलावर तीन गठ्ठे. प्रत्येक उमेदवाराच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. राष्ट्राध्यक्षांचा लाल, बाकीचे दोन फिके. नियम असा की मतदारानं तिन्ही घ्यायच्या, पडद्यामागं जायचं, हवी ती पाकिटात घालायची आणि बाहेर येऊन पेटीत टाकायची. इथवर ठीक. पण उरलेल्या दोन कुठं टाकायच्या? त्यासाठी टोपली होती. ती पडद्याच्या आत नव्हती. बाहेर, पेटीच्या शेजारी, सगळ्यांसमोर, आणि तिच्याजवळ एक माणूस हात बांधून उभा. मी मान उंचावून टोपलीत बघितलं. सगळे फिके कागद. लाल एकही नाही.

इतक्या वर्षांत मी बूथ ताब्यात घेणारे बघितले, दारू पिऊन आलेले बघितले, एकाच आजीला तीनदा घेऊन येणारे बघितले. पण त्यांना निदान चोरी करावी लागायची. इथं चोरीच नियमात बसवली होती. पेटी उघडायच्या आत टोपली सगळं सांगत होती. निम्म्या लोकांनी तर पडद्याचीही तसदी घेतली नाही. आले, फक्त लाल कागद उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, पाकिटात घातला, फोटोकडं बघून हसले, खजूर घेतला, गेले.

मी त्या अधिकाऱ्याला विचारलं, टोपली बाहेर का ठेवली? तो म्हणाला, "स्वच्छतेसाठी, मॅडम."

सल्वाची पाळी आली. तिनं तिन्ही कागद घेतले. हॉलमध्ये बोलणं चालूच होतं, पण माना वळल्या. तिन्ही कागद घेणाऱ्या प्रत्येकाकडं त्या तशाच वळत होत्या. ती पडद्यामागं गेली आणि बाहेर येईना.

आयुष्यभर मी पोरांना घोकून घेतलं, मतदान निर्भयपणे करावं, आपल्या विवेकाला स्मरून करावं. आणि तिथं खुर्चीत बसून मी देवाला काय मागितलं? देवा, तिला लाल घालू दे. विवेक बाजूला ठेवू दे, भाऊ बाजूला ठेवू दे, पण लाल घालू दे. त्या अधिकाऱ्याची मला भीती वाटत होती आणि त्या भीतीचीच चीड येत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. मारणारा चहासुद्धा पाजतो.

पडदा हलला. सल्वा बाहेर आली. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात उरलेले दोन कागद. टोपलीपाशी थांबून तिनं ते एकेक करून टाकले. दोन्ही फिके. मग पाकीट पेटीत टाकलं. टोपलीजवळच्या माणसानं मान डोलावली.

अधिकाऱ्यानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पासपोर्ट काढून तिला दिला. मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हणाला. म्हणजे पासपोर्ट केव्हाचाच तयार होता, सकाळपासून त्याच्या खिशात बसून होता. सल्वानं शुक्रन म्हणून आभार मानले, फोटोकडं बघितलं नाही, खजूर घेतला नाही. मला हाताला धरून बाहेर आणलं.

परत

गाडीत बसल्यावर विश्वासरावांनी विचारलं, झालं काम? मी पासपोर्ट दाखवला. त्यांनी हुश्श केलं आणि म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं होईल म्हणून, आता डबा फोडा. मला चीड आली, पण बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? मी काजूकतलीचा डबा उघडला. सल्वाला एक तुकडा दिला. तिनं तो हातातच धरला.

शहर संपून वाळू सुरू झाली तेव्हा तिनं पासपोर्ट पहिल्यांदा नीट उघडला. वाचला. मग पुन्हा वाचला आणि माझ्याकडं दिला. अक्षरं अरबी आणि फ्रेंच, पण तारखा कुणालाही कळतात. तिचा जुना पासपोर्ट पाच वर्षांचा होता. हा एक वर्षाचा.

मी म्हटलं, चुकून झालं असेल. परत फिरवू या का गाडी? ती हसली. तसं हसणं मी कुणाचं बघितलं नाही, परत बघायची इच्छाही नाही. म्हणाली, चुकून नाही मावशी. आमच्याकडं हे असंच देतात. आज मी आले म्हणून एक वर्ष. मग थोड्या वेळानं, काजूकतलीचा तुकडा कागदात गुंडाळत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "पुढच्या वर्षी तर निवडणूक नाही. मग पुढच्या वर्षी माझ्याकडून काय मागतील?"

विश्वासरावांनी आरशातून मागं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं.

नंतर मी आणखी दोन आठवडे राहिले. अबरा नावाच्या होडीतून खाडी ओलांडली, सोन्याचा बाजार बाहेरून बघितला, भारतीय मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ऊद मेथाला जाऊन चिवडा खाल्ला. सल्वा रोज सईला शिकवायला यायची. निकाल लागला, राष्ट्राध्यक्ष अर्थातच निवडून आले, जवळजवळ सगळी मतं त्यांनाच. सल्वानं बातमी ऐकली आणि सईला म्हणाली, पुढचा उतारा वाच. निघताना मी तिला मिठी मारली. म्हटलं, नबील सुटला की त्याला घेऊन कराडला ये. ती इन्शाल्ला म्हणाली.

गेल्या महिन्यात मंदाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, सल्वाच्या पासपोर्टचं काय झालं? वर्ष भरलं असेल. मंदा म्हणाली, ती एकटीच अबुधाबीला जाऊन आली. मिळाला. पुन्हा वर्षाचाच. नबील आतच आहे. शाळेतले ते दोन मास्तर हल्ली दुसऱ्या टेबलावर जेवतात. ती दिसली की उठतात.

मंदानं तिला विचारलं होतं, या वेळी काय मागितलं? सल्वा म्हणाली, काही नाही, चहा दिला, शाळेतले आमचे दोघं कसे आहेत, कुणाकडं जातात, घरी काय बोलतात, एवढंच विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?" मंदानं विचारलं.

सल्वा म्हणाली, "पासपोर्ट मिळाला ना, मंदा."